मदत हवी आहे: द्राक्षाच्या टॉनिकची अफिलिएट लिंक चॅनलवर टाकू का नको, आधी काय काय तपासायचं?

नमस्कार मंडळी, मी तासगावकडचा. द्राक्षबागेवर यूट्यूब चॅनल चालवतो, छाटणी, डिपिंग (घड द्रावणात बुडवणं), भुरी-दावण्या हे रोग असलं रोजच्या कामाचं, आणि बघणारे बरेचसे आमच्याच मिरज, पलूस, कवठेमहांकाळ पट्ट्यातले बागायतदार. आता एका कंपनीचा फोन आलाय की आमच्या टॉनिकची लिंक व्हिडिओखाली टाका, ऑर्डरमागं २५ टक्के कमिशन देतो. मणी फुगवणीला एक नंबर, रेसिड्यू फ्री (मालात औषधाचा अंश राहत नाही), एक्स्पोर्टच्या बागेत बिनधास्त मारा म्हणत्यात. पैसे मलाबी हवेत, चॅनलला खर्च येतोच आणि मोठ्या शॉपिंग साईटच्या लिंकवर एवढं कमिशन मिळत नाही. पण उद्या कुणाच्या बागेचं काय झालं तर तो माणूस कंपनीला नाही, माझ्या दारात येणार, आणि यायलाच पाहिजे कारण माझ्या शब्दावर त्यानं बाटली घेतलेली असणार.

२०१० ला युरोपात आपल्या द्राक्षात क्लोरमेक्वाट, म्हणजे आपण ज्याला सीसीसी म्हणतो त्या वाढ आवरणाऱ्या संजीवकाचा अंश सापडला आणि माल अडकला, किती जणांचं कंबरडं मोडलं ते इकडं सगळ्यांनी बघितलंय. म्हणून टॉनिकच्या नावाखाली बाटलीत गपचूप संजीवक नाहीतर कीटकनाशक मिसळलेलं नाही ना, हा माझा पहिला प्रश्न आहे, कमिशन नंतर.

आत्तापर्यंत एवढं केलंय की जीएसटी नंबर सरकारी साईटवर टाकून बघितला, तो चालू आहे. लेबलवर सीविड (समुद्री शेवाळ) आणि अमिनो ॲसिड लिहिलंय पण टक्केवारी कुठंच नाही. असली टॉनिकं, म्हणजे बायोस्टिम्युलंट, २०२१ पासून खत नियंत्रण आदेशात आलेत म्हणून नोंदणीचा कागद मागितला तर नुसतं "पाठवतो दादा" चाललंय. लॅब रिपोर्ट मात्र लगेच आला, पण त्यावर बॅच नंबरच नाही, मग तो याच बाटलीचा आहे हे कशावरनं धरायचं?

कराराचंबी तसंच. लिंकवर क्लिक केल्यावर किती दिवसांत खरेदी झाली तर माझी धरणार हे विचारलं तर सरळ उत्तर नाही (ॲमेझॉन निदान २४ तास म्हणून स्पष्ट सांगतं). माल परत आला तर कमिशन कापणार, ते ठीक आहे, पण ५,००० साठल्याशिवाय पेमेंट नाही. वर दुसरे चॅनलवाले जोडले की त्यांच्या कमिशनातनं मला ५ टक्के, आणि त्यासाठी आधी ३,००० चं किट घ्यायचं. हे वाचून तर मला जास्तच शंका आली. जाणकारांनी सांगा, कुणी असल्या ऑफर घेतल्या असतील तर हो म्हणायच्या आधी काय काय बघितलंत? आणि रिपोर्ट स्वतः करून घ्यायचा तर कुठल्या लॅबला द्यावा?

प्रतिसाद (कराडहून):

दादा, किटचे पैसे अजिबात भरू नका. विक्रीपेक्षा माणसं जोडण्यावर पैसे मिळत असतील तर ती साखळी झाली, आणि २०२१ च्या डायरेक्ट सेलिंगच्या नियमांत पिरॅमिड स्कीमला बंदी आहे. दुसरं, ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणं खोट्या जाहिरातीबद्दल ती करणाऱ्यालाही १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, आपण आधी नीट खात्री केली होती हे दाखवता आलं तरच त्यातनं सुटका. म्हणून तुम्ही जे मागताय ते सगळं ईमेलवर मागा, फोनवरचं बोलणं नंतर कोण मानत नाही.

लॅब एनएबीएलची (लॅबना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता असलेली बघा, पण मान्यता आहे म्हणून लगेच पैसे भरू नका, संजीवक आणि कीटकनाशकाचे अंश त्यांच्या तपासणीत बसतात का ते आधी विचारा. बाटली कंपनीनं पाठवलेली देऊ नका, साधं गिऱ्हाईक म्हणून ऑर्डर करून सील न फोडता द्या, म्हणजे पॅकिंग, डिलिव्हरी, बिल येतंय का नाही हेबी कळतं. मग एक-दोन ओळी मारून बघा, शेजारची ओळ तशीच ठेवा, आणि हे एक्स्पोर्टच्या प्लॉटात नको. आणि लिंक टाकलीच तर कमिशन मिळतंय हे व्हिडिओत तोंडानं सांगा, खाली बारीक अक्षरात नको, आपली लोकं व्हिडिओ ऐकत ऐकत काम करत्यात.

नोंदणीचा कागद आला का ते इथं कळवा. माझ्या मेव्हण्यालाबी असाच फोन आलाय.