आंबोलीत बहिणीचं लग्न, 8 लाखांत बसेल का?

शहापूरकर
नमस्कार मंडळी, धाकट्या बहिणीचं लग्न ठरलंय, पावणे चंदगडकडचे. दोघांना आंबोलीतच करायचंय आणि बेळगावपासून 70 किलोमीटरच्या आसपास म्हणून घरचेपण तयार झालेत. दागिने सोडून 8 लाख आहेत. 120 माणसं, दोन रात्री. रूम 3500 नं सांगितल्यात, एकीत तिघं धरली तरी 40 रूम, म्हणजे 2 लाख 80 हजार तिथंच गेले. मंडप, जेवण, बस, फोटोवाला अजून बाकीच. बाबा रिटायर झालेत, त्यांना कर्ज काढू देणार नाही मी. कुठं कमी करता येईल सांगा की. तारीख मे किंवा डिसेंबर.

जांबोटी रोड
दादा, सगळ्यांना मुक्कामाला ठेवताय कशाला? हळद बेळगावात घरीच करा. लग्नाच्या आदल्या रात्री जवळची 60 माणसं तिथं राहू देत, 20 रूम, 70 हजारात काम झालं. बाकीचे सकाळी बसनं येऊन संध्याकाळी परत. 2 लाख 10 हजार वाचले बघा. आंबोली घाटाच्या वरच आहे, आपल्या बाजूनं जाताना घाट उतरावा लागत नाही, म्हातारी माणसंपण निवांत जाऊन येतील. पण बस केए पासिंगची असली तर शिनोळीपासनं महाराष्ट्र लागतो, ऑल इंडिया टुरिस्ट परमिट आहे का बघूनच ॲडव्हान्स द्या.

निपाणीची माहेरवाशीण
मे अजिबात नको. आमच्या भावाचं असंच डोंगरावर मेमध्ये केलेलं, अक्षतांच्या आधी तासभर वळीव आला, कापडी मंडप भिजला, लाईट गेली आणि जनरेटरचं डिझेल आम्हीच आणवलं. शिवाय आचारी, त्यांची पोरं, ड्रायव्हर, फोटोवाले यांच्या झोपायची सोय कुणी धरलीच नव्हती, रात्री 6 रूम जास्तीच्या घ्याव्या लागल्या. ही माणसं आत्ताच यादीत घाला. तुळशीचं लग्न झालं की धनुर्मास लागायच्या आत, म्हणजे 15 डिसेंबरच्या आधीचा मुहूर्त बघा, फक्त पहाटे थंडी असते, गरम पाण्याचं पक्कं विचारा. आणि रूमचा रेट टॅक्स धरून आहे का तेपण विचारा. दिवसाला 7500 पर्यंतच्या रूमला 5 टक्के जीएसटी, त्यावर गेलं की 18. रात्री 10 नंतर उघड्यावर स्पीकर चालत नाही, डीजेला पैसे घालवू नका.

खानापूरचे काका
बाळा, 120 मध्ये भावकी बसते का आपली? बसत नाही. ज्यांनी तुझ्या आजोबांच्या वेळेला मांडव घातला त्यांना व्हॉट्सॲपवर फोटो बघायला लावू नकोस. लग्नानंतर घरासमोर एक दुपारचं जेवण घाल, भात, आमटी, भाजी, शिरा, आचारी गावातलाच. त्याला पैसे कमी पडायला लागले तर आंबोलीतली फुलं कमी कर, जंगल हायच की तिथं. आणि मुलाकडच्यांशी खर्चाचं आत्ताच बोला, वऱ्हाड तुम्ही एकट्यानं सांभाळायचं असं कुठं लिहिलंय?

शहापूरकर
काका, हे वाचून आईला रडूच आलं, गावजेवण नक्की. मे रद्द. आज रात्री बाबा पावण्यांना फोन करणारेत, त्यांची माणसं किती ते कळलं की रूमचं बघतो.