चुका कमी की नोंदी कमी?
कडक बॉसच्या टीममध्ये चुका कमी होतात, महिन्याचे रिपोर्टच बघा, असं काहीजण म्हणतात. मुदत डोक्यावर आलेली असताना एकाने ठरवावं आणि बाकीच्यांनी मुकाट करावं, इथपर्यंत मान्य. पण त्या रिपोर्टवर माझा तेवढा भरवसा नाही. टीमच्या कामकाजाच्या अभ्यासक एमी एडमंडसन यांनी रुग्णालयातल्या टीम्स आणि औषधं देताना होणाऱ्या चुका यांचा अभ्यास केला होता, तो १९९६ साली प्रसिद्ध झाला. चांगल्या टीमकडून चुका कमी होतील ही त्यांची अपेक्षा. निघालं उलटंच! ज्या टीम्सचं आपसात चांगलं जमत होतं, तिथेच नोंदी जास्त. मग हे आकडे ठाऊक नसलेल्या दुसऱ्या संशोधकाने प्रत्यक्ष वॉर्डांत जाऊन निरीक्षण केलं, तेव्हा उलगडा झाला. काही ठिकाणी प्रमुखासमोर चूक मोकळेपणाने सांगता येत होती, काही ठिकाणी ती दडपली जात होती. म्हणजे रिपोर्टमध्ये चुकांइतकीच भीतीही मोजली जाते.

आमच्याकडेही नवीन मॅनेजरने 'कोणी केलं?' विचारणं बंद करून 'कधी लक्षात आलं?' विचारायला सुरुवात केली. पहिल्या तिमाहीत नोंदवलेल्या अडचणी भराभर वाढल्या. त्यातल्या बऱ्याचशा जुन्याच होत्या, आजवर कुणी तोंड उघडलं नव्हतं इतकंच. वरिष्ठांनी मात्र तक्ता पाहून त्यालाच फैलावर घेतलं.