टीबीडब्ल्यू शिल्लक असूनही

"टीबीडब्ल्यू शिल्लक आहे तोवर एसएसडीला धोका नाही" असं म्हणतात, ते अर्धंच खरं. टीबीडब्ल्यू म्हणजे एसएसडीवर (चिपांवर डेटा साठवणाऱ्या ड्राइव्हवर) एकूण किती टेराबाइट लिहिता येतील, याचा कंपनीने दिलेला आकडा. तो आकडा नँड पेशींच्या (डेटा साठवणाऱ्या चिपांतल्या कप्प्यांच्या) झिजेचा, कंट्रोलरचा (ड्राइव्ह चालवणाऱ्या चिपचा) नाही. माझी ड्राइव्ह मेली तेव्हा हेल्थ ९४ टक्के दाखवत होती! मे महिन्यातली दुपार, लाईन गेली, आली, पुन्हा गेली. त्यानंतर बायोसमध्ये (पीसी सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) ड्राइव्हचं नावच दिसेना. कोणता डेटा कुठल्या पेशीत, याचा तक्ता कंट्रोलर सांभाळतो. तो लिहिला जात असताना वीज तुटली तर चिपा ठणठणीत असूनही हाती काही लागत नाही. सीताबर्डीतल्या दुरुस्तीवाल्याला म्हटलं, चिपा काढून वाचता येतील का? तर बरेच कंट्रोलर डेटा एन्क्रिप्ट करूनच (किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या सांकेतिक रूपात) चिपवर टाकतात, म्हणे. झालं.

आणि जुनी एसएसडी बॅकअप म्हणून कपाटात टाकणाऱ्यांनो, जेडेक या मेमरी चिपांची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या मानकानुसार लेखनक्षमता पुरती वापरलेल्या घरगुती ड्राइव्हने विजेविना १ वर्ष डेटा टिकवायचा असतो, पण ३० अंशांना. उष्णता वाढली की पेशींतला चार्ज लवकर गळतो. नागपूरच्या उन्हाळ्यात बंद खोलीतलं कपाट ३० अंशांवर राहतं का, सांगा! माझा बॅकअप आता साध्या हार्ड डिस्कवर, आणि पीसीला यूपीएस.