लिंक उघडली नाही की पीडीएफ पाठवून मोकळं व्हायचं, हे कुठवर चालणार?

सातपुडा_ग्रंथालय (धागाकर्ता, शहादा)

आपल्या ग्रंथपालांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परवा पुन्हा तोच निरोप आला. 'अमुक लेख कोणाकडे आहे का? आमच्याकडे लिंक उघडत नाहीये.' थोड्या वेळात कोणीतरी पीडीएफ टाकली, बाकीच्यांनी हात जोडले आणि विषय संपला. माझं स्पष्ट मत आहे की ही पद्धत आपण बंद केली पाहिजे. पीडीएफ दिल्याने एका विद्यार्थ्याचं काम होतं, पण बिघाड जिथे होता तिथेच राहतो.

शोधपेटीत, म्हणजे डिस्कव्हरीत, दिसणारी लेखाची नोंद एका ठिकाणाहून येते. आपण कशाचे वर्गणीदार आहोत याची यादी दुसरीकडे, नॉलेज बेसमध्ये असते. लेख असतो तिसऱ्याच ठिकाणी, प्रकाशकाच्या साइटवर. या तिघांमध्ये निरोप पोहोचवण्याचं काम लिंक रिझॉल्व्हर करतो, आणि तो निरोप म्हणजे ओपनयूआरएल. त्यात आयएसएसएन (नियतकालिकाचा ओळखक्रमांक), वर्ष, खंड, अंक, सुरुवातीचं पान असे तपशील असतात. हर्बर्ट व्हान द सोम्पेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेल्जियममधल्या घेंट विद्यापीठात १९९०च्या दशकाच्या शेवटी ही कल्पना उभी केली आणि २००४च्या आवृत्तीत ती झेड३९.८८ या क्रमांकाचं मानक झाली. निरोपातला एक आकडा चुकला की लेख हाती लागत नाही.

अलीकडचंच उदाहरण देतो. एका एम.एस्सी.च्या मुलीला केळीवरच्या करप्याचा लेख हवा होता. घरची केळी आहे, विषय तिने मनापासून घेतलेला. बटण दाबलं की लेखाऐवजी नियतकालिकाचं मुखपृष्ठ यायचं. मी पत्त्याच्या पट्टीतला तो लांबलचक पत्ता कॉपी करून एकेक तुकडा वाचला. वर्ष बरोबर, खंड बरोबर. सुरुवातीच्या पानाच्या जागी मात्र 'ई' अक्षर आणि पुढे मोठा आकडा. त्या नियतकालिकाने पानक्रमांक सोडून लेखक्रमांक द्यायला सुरुवात केली होती. रिझॉल्व्हर तो आकडा पान म्हणून पाठवत होता, प्रकाशकाची साइट असलं पान शोधत होती, ते सापडत नव्हतं म्हणून मुखपृष्ठ दाखवत होती. म्हणजे त्या बदलानंतरच्या प्रत्येक अंकातला प्रत्येक लेख आमच्याकडे असाच अडत होता. रिझॉल्व्हरच्या पुरवठादाराला नेमकं हेच लिहून कळवलं. त्यांनी त्या प्रकाशकासाठी आधी डीओआयने, म्हणजे लेखाच्या कायमच्या ओळखक्रमांकाने, लिंक करायची व्यवस्था केली आणि सगळेच लेख उघडू लागले.

मी त्या दिवशी नुसती पीडीएफ दिली असती तर? ती मुलगी विचारायला आली. न विचारता परत गेलेल्यांची नोंद कुठेच नाही.

म्हणून माझी मागणी आहे की प्रत्येक तक्रारीची नोंद ठेवा. पूर्ण पत्ता, आवारातून की घरून, आणि त्याच नियतकालिकाचं दुसरं वर्ष उघडतं का. एवढं लिहिल्याशिवाय पीडीएफ मागू नका, देऊ नका.

तापीकाठ (चोपडा)

सर, तुमच्याबद्दल आदर आहे, पण शेवटचं वाक्य मला अजिबात मान्य नाही.

आमच्या ग्रंथालयात मी एकटा आहे. देवघेव मी, बारकोड मी, नॅकची फाइल मी, परीक्षेच्या काळात सुपरव्हिजनही मी. लिपिकाची जागा रिकामी होऊन बराच काळ झाला, भरलेली नाही. मुलगा येतो तेव्हा त्याला दुसऱ्या दिवशी सेमिनार द्यायचा असतो आणि संध्याकाळची एसटी गाठायची असते. त्याला मी सांगू का, थांब, आधी तुझा ओपनयूआरएल वाचतो? त्याला लेख हवा आहे. ग्रंथपालाचं पहिलं काम वाचकाच्या हातात वाचायचं साहित्य देणं हे आहे. ते बाजूला ठेवून नोंदवही भरणं हा माझ्या लेखी धर्मच नव्हे.

दुसरं. तक्रार करायची कोणाकडे? आमच्या पुरवठादाराकडे तिकीट, म्हणजे तक्रार, टाकलं की पहिलं उत्तर ठरलेलं, 'ब्राउझरची कॅशे साफ करून पाहा.' मग स्क्रीनशॉट मागतात. मग शांतता. नॉलेज बेस त्यांचा, त्यातली माहिती त्यांची, चूक त्यांची. वर्गणी आम्ही भरायची आणि त्यांच्या चुका शोधून देण्याची बिनपगारी नोकरीही आम्हीच करायची? हे कोणत्या हिशेबात बसतं ते सांगा.

पांझराकाठ (धुळे)

मी ग्रंथपाल नाही, एका संस्थेत ग्रंथालयाची संगणकाची बाजू बघतो. चोपड्याच्या सरांची अडचण खरी आहे. पण चूक शोधायला फार वेळ जातो हे मला पटत नाही.

पहिला प्रश्न, तीच लिंक आवारात उघडते आणि घरून उघडत नाही का? मग लिंक ठीक आहे, प्रॉक्सी (घरून येणाऱ्याला आवारातला म्हणून आत नेणारी यंत्रणा) किंवा लॉगिनमध्ये गडबड आहे. प्रकाशकाने साइटचं डोमेन बदललं आणि प्रॉक्सीच्या यादीत जुनंच राहिलं, हे कायम होतं. दोन्हीकडे अडते? मग त्याच नियतकालिकाचं दुसरं वर्ष उघडून पाहा. एक वर्ष उघडतं, एक नाही, म्हणजे वर्षांची मर्यादा चुकीची भरली आहे. एकही वर्ष उघडत नसेल तर त्याच प्रकाशकाचं दुसरं नियतकालिक पाहा. तेही बंद असेल तर वर्गणी किंवा आयपीचा, म्हणजे प्रकाशकाकडे नोंदवलेल्या आवाराच्या इंटरनेट-पत्त्याचा, प्रश्न. तेच एक बंद असेल तर ते दुसऱ्या प्रकाशकाकडे गेलं असण्याची शक्यता मोठी. इतकं बघितलं की निम्मं निदान झालं. 'लिंक चालत नाही' एवढंच लिहिलेल्या तिकिटाला कॅशेचंच उत्तर येणार. 'या आयएसएसएनची २०१८ नंतरची वर्षं उघडत नाहीत, आधीची उघडतात' असं लिहिलं की समोरच्याला कॅशेचं नाव काढता येत नाही.

आणि सगळी चूक पुरवठादाराची असते हेही खरं नाही. नॉलेज बेसमध्ये एकाच प्रकाशकाच्या नियतकालिकांचे अनेक संच असतात, आपल्याकडे आहे तोच टिक करायचा असतो. १ जानेवारी २०२५ पासून केंद्र सरकारची 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' ही सामाईक वर्गणी सुरू झाली, ३० प्रकाशक आणि जवळपास १३,००० नियतकालिकं. त्यात आलेल्या किती सरकारी संस्थांनी जुने संच काढून नवे टिक केले? जुना संच तसाच राहिला तर नसलेलं 'आहे' दिसतं आणि असलेलं 'नाही' दिसतं. ते टिक करणं आपल्याच हातात आहे.

वाचते_मी (धुळे)

मी पदव्युत्तर वर्गांना शिकवते. मला मुळातच विचारायचंय, ही एकच शोधपेटी आपल्याला हवी कशाला? मुलांना डीओआय कसा वापरायचा आणि नियतकालिकांची अकारविल्हे यादी कशी बघायची हे एका तासात शिकवता येतं. मध्ये तीन यंत्रणा आणायच्या, त्या एकमेकींशी बोलत नाहीत म्हणून रडायचं आणि मग त्यासाठी नोंदवह्या ठेवायच्या!

मला नंदुरबार भागातल्या आदिवासींच्या जमिनींवर काम करताना १९५०च्या दशकातला 'इकॉनॉमिक वीकली'तला लेख हवा होता. शोधपेटीने नाव दाखवलं, बटणावर 'पूर्ण मजकूर उपलब्ध नाही'. मी त्या नियतकालिकाच्याच साइटवर जाऊन थेट शोधलं असतं तर वेळ वाचला असता.

आणि आपल्या गावातलं काय? इथल्या राजवाडे संशोधन मंडळाचं 'संशोधक' त्रैमासिक घ्या. खानदेशच्या इतिहासावर काम करणाऱ्याला ते बघितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आमच्या पेटीत ते नाही. मुलं समजतात, पेटीत नाही म्हणजे जगातच नाही. हे नुकसान तुटलेल्या लिंकपेक्षा मोठं आहे.

सातपुडा_ग्रंथालय

मॅडम, 'संशोधक'बद्दल शंभर टक्के सहमत. मराठी नियतकालिकं या जागतिक याद्यांमध्ये फार थोडी आहेत, आणि जी आहेत त्यांची रोमन लिपीतली नावं एकाने 'एस-ए-एन'ने लिहिलेली तर दुसऱ्याने 'एस-ए-एम'ने. जुळणार कशी?

पण डीओआयने सगळं भागेल हे पटत नाही. डीओआय तुम्हाला प्रकाशकाच्या दारात नेतो. आपल्या कॉलेजला तोच लेख एखाद्या डेटाबेसमधून मिळत असेल, प्रकाशकाकडून नाही, तर डीओआय दाबल्यावर पैसे मागणारं पान दिसतं. आपल्या हक्काची प्रत कुठे आहे हे सांगायला काहीतरी मध्ये हवं, म्हणूनच ओपनयूआरएल आला. शिवाय जुन्या भारतीय लेखांपैकी पुष्कळांना डीओआय दिलेलाच नाही.

तुमचं उदाहरण तर माझ्याच बाजूचं आहे. 'इकॉनॉमिक वीकली' १९४९ ला सुरू झालं आणि १९६६ पासून 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली' म्हणून निघू लागलं. बऱ्याच याद्यांत नव्या नावाखाली १९६६ पासूनचीच वर्षं असतात. १९५०च्या दशकातल्या लेखाची नोंद नव्या नावाने आली की रिझॉल्व्हर वर्ष तपासतो आणि 'नाही' म्हणतो. जुनं नाव वेगळं नोंदवलं की प्रश्न मिटतो. तुम्ही हे ग्रंथपालांना कळवलं होतं का? कळवलं असतं तर तुमच्यानंतरच्या प्रत्येकाला लेख मिळाला असता.

वाचते_मी

नाही कळवलं. कळवायचं कुठे हे त्या पानावर लिहिलेलंच नव्हतं. आणि शिक्षकाने संशोधन सोडून याद्या दुरुस्त करत बसावं असं मला आजही वाटत नाही.

मेहरुणची_मुलगी (जळगाव)

मी पीएच.डी. करते. तुम्ही सगळे विचारायला येणाऱ्या मुलांबद्दल बोलताय. आमच्यातले बहुतेक विचारत नाहीत. रात्री मोबाइलवर लिंक दाबतो, 'उपलब्ध नाही' दिसलं की लगेच टेलिग्रामवर मागतो. ग्रंथालयाकडे तो लेख होता की नव्हता हे आम्हाला कळतसुद्धा नाही.

उमविच्या, म्हणजे इथल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या, आवारात उघडलेला लेख गावी गेल्यावर माझ्या भावाच्या कॉलेजात उघडला नाही. तो म्हणाला, तुमच्याकडे इंटरनेट चांगलं असेल. वर्गणीचे हक्क संस्थेनुसार वेगळे असतात हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. आमच्या विभागातही ते कोणी सांगत नाही.

त्या 'उपलब्ध नाही'च्या पानावर एक बटण ठेवा, 'इथे कळवा'. ते दाबल्यावर तो लांब पत्ता आपोआप तुमच्याकडे यायला हवा. आम्हाला स्क्रीनशॉट काढून, मेल आयडी शोधून पाठवायला लावू नका, कोणीही पाठवणार नाही.

पांझराकाठ

ताई, असं बटण बहुतेक रिझॉल्व्हरमध्ये लावता येतं, फक्त सेटिंगमध्ये जाऊन चालू करावं लागतं. आणि लेखाची मुक्त, म्हणजे फुकट वाचता येणारी, प्रत असेल तर तीही तिथेच दाखवता येते, अशा प्रती शोधून देणारी अनपेवॉल ही सेवा २०१७ पासून तेच काम करतेय.

गिरणाकाठना_भाऊ (चाळीसगाव)

आधी पोरले लेख द्या, मंग वही उघडा. यामा भांडाना काय शे?

सातपुडा_ग्रंथालय

भाऊ, ऐकायला सोपं आहे. पण लेख दिला की वही उघडली जात नाही, हेच इतकी वर्षं आपल्या ग्रुपवर चाललंय. म्हणून मी क्रम उलटा मागतोय.

तापीकाठ

क्रम उलटा मी करणार नाही, हे पुन्हा सांगतो. उपाशी माणसाला आधी अर्ज भरायला लावणं मला जमत नाही.

मुलीने सुचवलेलं बटण चांगलं आहे. पण त्या मेल वाचणार कोण? माझ्यासारख्या एकट्याकडे त्या साचत राहतील. एकाच प्रकाशकाची एकच चूक वीस कॉलेजांतून वीस जणांनी शोधायची यात काय अर्थ? हे काम विद्यापीठाच्या ग्रंथालयाने करावं, तिथे माणसं आहेत. त्यांनी एक सामाईक यादी ठेवावी, आम्ही त्यात भर घालू. प्रत्येक कॉलेजवर हा भार टाकायला माझा विरोध आहे आणि राहील.

सातपुडा_ग्रंथालय

सामाईक यादी हवीच. पण विद्यापीठाला जे मिळतं ते आपल्या अनुदानित कॉलेजांना मिळतंच असं नाही, आपण बहुतेक जण एन-लिस्टवर, म्हणजे कॉलेजांसाठीच्या वेगळ्या ई-साहित्य योजनेवर, आहोत. आत्ताच ताईंनी भावाचा अनुभव सांगितला. विद्यापीठातून तपासलेली लिंक तिथे 'चालू' दिसेल आणि तुमच्याकडे बंद असेल. तुमच्या आवारातून कोणीतरी दाबून बघितल्याशिवाय हे कळणार नाही, आणि ते 'कोणीतरी' तुम्हीच आहात सर. पाने, लेखक्रमांक, नाव बदललेली नियतकालिकं, हे सगळं विद्यापीठाने बघावं. हक्क आणि वर्षं प्रत्येकाने आपली बघावीत.

पांझराकाठ

वर्षांबद्दल जोडतो. प्रकाशक आणि पुरवठादार यांच्यात याद्या देण्याघेण्यासाठी केबार्ट नावाची शिफारस आहे, २०१० ची, २०१४ ला सुधारलेली. नव्या आवृत्तीत २५ रकाने आहेत. छापील आणि ऑनलाइन आयएसएसएन वेगळे, पहिला आणि शेवटचा उपलब्ध अंक वेगळा, एम्बार्गो (नवे लेख ठराविक काळ रोखून ठेवण्याची अट) वेगळा. आपल्या संचाची ही फाइल बहुतेक वेळा उतरवून घेता येते आणि एक्सेलमध्ये उघडते. अडलेल्या नियतकालिकाची ओळ त्यात वाचली की चूक यादीत आहे की यादीबाहेर, ते लगेच कळतं.

तापीकाठ

वही मी ठेवणार नाही. पण सामाईक यादी खरंच होणार असेल तर आमच्याकडची एक घ्या. वाणिज्यचं एक नियतकालिक आहे, डेटाबेसमधून येतं. २०२३ पर्यंतचे लेख उघडतात. त्यानंतरचे सगळे 'उपलब्ध' दिसतात आणि एकही उघडत नाही. आवारातून आणि घरून, दोन्हीकडे तेच.

पांझराकाठ

हा एम्बार्गो वाटतोय सर. डेटाबेसवाल्याला सर्वात नवे लेख ठराविक काळ दाखवायची परवानगी नसते. तुमच्या ओळीत एम्बार्गोचा रकाना रिकामा असेल तर रिझॉल्व्हर आजपर्यंतचं सगळं 'आहे' म्हणणार. रकाना बघून सांगा.

तापीकाठ

रिकामा आहे.