१९८३ चं कौतुक आहेच, पण पाया १९७१ चाच

मधली यष्टी
दरवर्षी २५ जून आला की एकच वाक्य कानावर पडतं: भारतीय क्रिकेटची खरी सुरुवात १९८३ च्या विश्वचषकाने झाली. मला हे अजिबात पटत नाही. लॉर्ड्सच्या गॅलरीत कपिलच्या हातात चषक पाहून आजही माझ्या अंगावर काटा येतो. पण 'मोठ्या संघांना त्यांच्या घरात जाऊन हरवता येतं' हे आपल्याला त्याआधी बारा वर्षं कर्णधार वाडेकरांच्या संघाने दाखवलं होतं.

वेस्ट इंडिज दौऱ्यातली किंग्स्टनची पहिली कसोटी घ्या, फेब्रुवारी १९७१. पहिला दिवस पावसात गेलेला. आपले पाच गडी ७५ धावांत तंबूत. तिथून सरदेसाईने सोलकरला सोबत घेऊन डाव उभा केला आणि एकट्याने २१२ काढल्या. आपल्या ३८७, त्यांच्या २१७. फॉलोऑनला, म्हणजे समोरच्या संघाला लगेच पुन्हा फलंदाजीला लावायला, एरवी २०० ची आघाडी लागते, पण पहिला दिवस वाया गेल्याने सामना चार दिवसांचा धरला गेला, म्हणजे १५० पुरेशा. वाडेकरांना हा नियम पाठ होता. त्यांनी वेस्ट इंडिजचा कर्णधार सोबर्सला जाऊन सांगितलं, पुन्हा फलंदाजीला या. ज्या संघाला आपण तोवर एका कसोटीतही हरवलं नव्हतं, त्याला! सामना अनिर्णित राहिला, पण पुढच्याच कसोटीत पोर्ट ऑफ स्पेनला आपण ७ गडी राखून जिंकलो, आणि मालिकाही. परदेशात मालिका जिंकायला आपण तिथे शिकलो.

डावखुरा फिरकीपटू
एक दुरुस्ती. परदेशातला पहिला कसोटी विजय १९६८ चा, ड्युनेडिनचा. ती न्यूझीलंडची मालिकाही पतौडीच्या संघाने ३-१ अशी जिंकली होती. आपला ऑफस्पिनर प्रसन्नाने त्या दौऱ्यात जे केलं ते विसरू नका.

लेगस्लिप
मी पूर्णपणे विरुद्ध बाजूने. १९७१ चा वेस्ट इंडिज संघ उतरणीला लागला होता. हॉल आणि ग्रिफिथ हे त्यांचे दोघेही वेगवान गोलंदाज निवृत्त झालेले. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये ओल्ड ट्रॅफर्डला ४२० चं लक्ष्य असताना आपण ३ बाद ६५ होतो. शेवटच्या दिवशी पावसामुळे खेळच झाला नाही, नाहीतर मालिकेचं काय झालं असतं ते सांगायला नको. तीन वर्षांनी तेच वाडेकर, तेच लॉर्ड्स, आणि आपण सर्व बाद ४२. मालिका ०-३. असा कसा हा पाया?

१९८३ ला समोर कोण होतं? वेस्ट इंडिजचे वेगवान गोलंदाज रॉबर्ट्स, गार्नर, मार्शल, होल्डिंग. आणि त्या संघाला एकाच स्पर्धेत दोनदा हरवलं. आधी ओल्ड ट्रॅफर्डला ३४ धावांनी, मग अंतिम सामन्यात १८३ चा बचाव करताना ४३ धावांनी. याला म्हणतात वळण.

जुना रेडिओ
मी तेव्हा नववीत होतो. ऑगस्ट १९७१, इंग्लंडविरुद्धची ओव्हलची कसोटी. रेडिओच्या खरखरीत अर्धं ऐकू यायचं, अर्धं आम्ही एकमेकांच्या चेहऱ्यावरून ओळखायचो. आपला फिरकीपटू चंद्राने (चंद्रशेखर) ३८ धावांत ६ घेतले, इंग्लंड १०१ वर गुंडाळला. पण माझ्या मनात घर करून बसलाय तो सोलकरचा झेल. पहिल्या डावात ९० केलेला इंग्लंडचा ॲलन नॉट खेळायला आलेला. व्यंकटचा (वेंकटराघवन) चेंडू, आणि बॅटजवळ उभा असलेला सोलकर पुढे आडवा झेपावला. तो चेंडू जमिनीपासून जेमतेम काही बोटांवर टिपलाय. डोक्याला हेल्मेट नाही, काही नाही. हा हिंदू जिमखान्याच्या माळ्याचा मुलगा, तिथल्या धावफलकावर आकडे लावत मोठा झालेला.

लेगस्लिप, पावसाचं तुम्ही म्हणता ते खरं आहे. पण ओव्हलचा विजय पावसाने दिला नाही. इंग्लंड त्याआधी २६ कसोटी हरला नव्हता.

मधली यष्टी
फिरकीपटू, १९६८ बद्दल मान्य. 'शिकलो' हा शब्द मी मागे घेतो.

लेगस्लिप, ४२ मुळे १९७१ पुसलं जात असेल, तर १९८३ च्या हिवाळ्याचं काय करायचं? लॉइडचा तोच वेस्ट इंडिज संघ चार महिन्यांत इथे आला. कसोटीत ३-०, एकदिवसीय सामन्यांत ५-०. आपण जगज्जेते असताना, आपल्याच मैदानांवर. तरी १९८३ चं मोल कमी होत नाही, आणि होऊही नये. मग तोच न्याय वाडेकरांना लावा.

लेगस्लिप
४२ चा मुद्दा सोडला. तुमचं बरोबर आहे.

पण पोरांच्या हातात बॅट कुणी दिली? सचिन तेव्हा दहा वर्षांचा होता, आणि त्या विजयाने आपल्याला स्वप्न दिलं हे त्याने कितीदा तरी सांगितलंय. पुढचाच विश्वचषक, १९८७ चा, इंग्लंडबाहेर भारत-पाकिस्तानात आला. १९७१ ने संघ बदलला असेल, देश १९८३ ने बदलला. माझं मत तेच राहील.

डावखुरा फिरकीपटू
तुम्ही दोघंही मधलं १९७६ सोडताय. वेस्ट इंडिजविरुद्ध पोर्ट ऑफ स्पेनला चौथ्या डावात ४०३ हव्या होत्या. गावसकर १०२, विश्वनाथ ११२, आणि आपण ४ बाद ४०६. लॉइडने त्या सामन्यात तीन फिरकीपटू खेळवले होते. त्यानंतर त्याचा फिरकीवरचा विश्वासच उडाला आणि पुढच्या कसोटीत, किंग्स्टनला, त्याने वेगवान मारा आपल्यावर सोडला. अंशुमन गायकवाडच्या कानावर चेंडू बसला तो तिथेच, होल्डिंगचा. वेस्ट इंडिजचा तो वेगवान तोफखाना उभा राहण्याचं एक कारण आपला तो पाठलाग होता.

त्या ४०६ मध्ये मोहिंदर अमरनाथच्या ८५ होत्या. सात वर्षांनी लॉर्ड्सवर शेवटचा गडी पायचीत झाला तेव्हा चेंडू मोहिंदरचाच होता, आणि समोर होल्डिंग.