मदत हवी आहे: कॉलेजचा हिरो एनबीएत टिकेल का, हे आधी कसं ओळखायचं?

नमस्कार मंडळी,

इथे बास्केटबॉल बघणारे किती आहेत ठाऊक नाही, पण विचारून बघते.

आमच्या ऑफिसात (इंडियाना, म्हणजे बास्केटबॉलचं पंढरपूरच) दर जूनमध्ये एक खेळ चालतो. एनबीए ही अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग; तिच्या ड्राफ्टआधी, म्हणजे संघ क्रमाने नवे खेळाडू निवडतात त्याआधी, प्रत्येकाने कॉलेजमधले पाच खेळाडू निवडायचे. तीन वर्षांनी ज्याचे सगळ्यात कमी लीगमध्ये उरतील, त्याने सगळ्यांना जेवण द्यायचं. मी इतक्यांदा जेवण घातलंय की नवरा म्हणतो, तू सरळ खानावळच काढ.

माझी पद्धत साधी: पॉइंटांची सरासरी आणि मार्चमधल्या कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धेत कोण गाजलं. ती दरवर्षी गंडते, म्हणून या हिवाळ्यात जुने आकडे काढून बसले. तीन नावांनी डोकं फिरवलं.

ॲडम मॉरिसन, गोन्झागा, २००५-०६: सामन्याला २८.१ पॉइंट.
स्टीफन करी, डेव्हिडसन, २००८-०९: २८.६.
जिमर फ्रेडेट, ब्रिगहॅम यंग, २०१०-११: २८.९.

तिघेही त्या त्या वर्षी देशात पहिले. ड्राफ्टमध्ये मॉरिसन तिसरा, करी सातवा, फ्रेडेट दहावा. पुढे करी एनबीएचा मोठा तारा झाला, ते सांगायला नको. मॉरिसनचा गुडघा दुसऱ्या मोसमाआधीच गेला. नंतर लेकर्स संघाच्या बाकावर बसून त्याला विजेतेपदाच्या दोन अंगठ्या मिळाल्या, हा भाग वेगळा. फ्रेडेट काही वर्षांत चीनमध्ये शांघायकडून खेळत होता. आणि २०११ च्या त्याच ड्राफ्टमध्ये त्याच्या मागून गेले पुढचे तारे क्ले थॉम्पसन (११), कवाय लेनर्ड (१५) आणि जिमी बटलर (३०)!

प्रतिस्पर्धी दुबळे होते म्हणावं, तर तिघांत सगळ्यात लहान कॉलेज करीचं. उंची म्हणावी, तर मॉरिसन सहा फूट आठ इंच. तीनची रेषा (जिच्या मागून मारलेल्या शॉटला तीन पॉइंट) फ्रेडेटच्या वेळी कॉलेजात २० फूट ९ इंचांवर होती आणि एनबीएत समोरून २३ फूट ९ इंचांवर, पण फ्रेडेट कॉलेजातही रेषेच्या कितीतरी मागून मारायचा. त्याचा लांबचा नेम एनबीएतही वाईट नव्हता.

आपल्याकडे रणजीत धावांचे डोंगर रचून भारताची टोपी न मिळालेले अमोल मुझुमदार आठवतात. पण त्यांना जागाच मिळाली नाही. मॉरिसन आणि फ्रेडेटला मिळाली आणि तरी जमलं नाही, हे दुखणं निराळं.

जाणकारांनी सांगावं: त्या दिवशी, पुढचं काही माहीत नसताना, करी वेगळा कशावरून दिसला असता?

प्रतिसाद १

ताई, पॉइंटांच्या शेजारचे रकाने बघा. त्याच मोसमात करीचे सामन्याला ५.६ असिस्ट (ज्या पासवर सोबती लगेच बास्केट करतो) आणि २.५ स्टील. फ्रेडेटचे ४.३ आणि १.३, मॉरिसनचे १.७ आणि १.१. स्टील म्हणजे नुसता चेंडू हिसकावणं नाही. पास कुठे जाणार हे आधी कळतं आणि हात तिथे वेळेत पोचतो, हे त्यातून दिसतं. एनबीएत समोरचा संघ तुमचा कच्चा डिफेंडर हेरून त्याच्यावरच हल्ला चढवतो. कॉलेजात त्याला झोन डिफेन्समध्ये (प्रत्येकाने खेळाडू नाही, आपापली जागा राखायची) लपवता येतं.

दुसरं, कॉलेजात सगळा संघ एकाभोवती फिरतो. एनबीएत नव्या पोराच्या हातात चेंडू कोण देणार? चेंडूशिवाय तो काय करतो ते बघा: पळतो, स्क्रीन लावतो (सोबत्यासाठी डिफेंडरची वाट अडवतो), की कंबरेवर हात ठेवून उभा राहतो? आज एनबीएचा तारा असलेला डेव्हन बुकर केंटकीच्या कॉलेज संघात एकाही सामन्यात पहिल्या पाचांत नव्हता, सरासरी जेमतेम १०. आकडे बघून तुम्ही त्याला घेतला असता का?

प्रतिसाद २

आकडे ठीक, पण घर कुठलं मिळतं तेही बघा. लेनर्डचा कॉलेजातला तीनचा नेम म्हणजे चारात एक. सॅन अँटोनियोने त्याच्या शॉटवर मेहनत घेतली. उलट सॅक्रामेंटोने फ्रेडेट घेतला आणि त्याच ड्राफ्टचा शेवटचा, साठावा खेळाडूही घेतला: आयझेया थॉमस, पाच फूट नऊ इंच. फ्रेडेटची मिनिटं त्यानेच खाल्ली. तुमच्या खेळात संघ ठरण्याआधी नावं द्यावी लागतात, म्हणजे निम्मी लॉटरीच.

धागाकर्ती

दोघांचे आभार. बुकरला घेतला नसता, कबूल. स्टीलचा रकाना आजच जोडते. पण एक शंका राहिली. सात फुटी सेंटरचे स्टील कमीच असणार ना? यंदा माझ्या यादीत असे दोन आहेत. त्यांच्यासाठी ब्लॉक (अडवलेले शॉट) बघू, की फ्री थ्रो (फाउलनंतरचे मोकळे शॉट)?