घडीच्या रेषा पुसाव्यात का? (जुनी नुआर पोस्टर्स आणि लिनन-बॅकिंग)

तळघर (धागाकर्ता)

ज्यांना भांडायचंय त्यांना शोधत बसायला नको म्हणून मत आधीच सांगतो. चाळीस-पन्नासच्या दशकांतली अमेरिकन नुआर (म्हणजे सावल्या-गुन्ह्यांच्या काळ्या-पांढऱ्या सिनेमांची) पोस्टर्स कापडावर चढवायची (यालाच लिनन-बॅकिंग म्हणतात), घड्या बुजवायच्या, उडालेला रंग ब्रशने भरायचा आणि मग 'उत्तम स्थितीत' म्हणून विकायची, हा प्रकार मला पटत नाही. असं पोस्टर मी फुकट मिळालं तर घेईन, पण अस्सल म्हणणार नाही.

हा नाद नसलेल्यांसाठी थोडं. त्या काळचं नेहमीचं पोस्टर म्हणजे 'वन-शीट', २७ बाय ४१ इंच. १९४० च्या सुमारापासून हळूहळू बहुतेक मोठ्या स्टुडिओंच्या पोस्टर्सचं वाटप नॅशनल स्क्रीन सर्व्हिस या एकाच कंपनीकडे गेलं. कागद घड्या घालूनच निघायचा, एक उभी आणि तीन आडव्या. थिएटरवाले तो भाड्याने घ्यायचे, खेळ संपला की परत पाठवायचे, मग तोच कागद पुढच्या गावाला. फाटेपर्यंत वापरायचा आणि फेकून द्यायचा. म्हणजे ती घडी काही नंतर कोणाच्या निष्काळजीपणाने पडलेली नाही. पोस्टर थिएटरच्या दारात पहिल्यांदा लागलं तेव्हाही ती होतीच.

आता माझं दुखणं. अमेरिकेत नऊ वर्षं होतो तेव्हा एक विंडो कार्ड घेतलं होतं. हे जाड पुठ्ठ्याचं, १४ बाय २२ इंच, दुकानांच्या काचेत लावायचं. वरची पट्टी स्टुडिओ कोरी सोडायचा आणि तिथे गावचं थिएटर आपलं नाव आणि खेळाचे वार छापून घ्यायचं. माझ्या कार्डावर ओहायोतल्या एका बारक्या गावातलं थिएटर होतं. एक कोपरा फाटला होता म्हणून दुरुस्तीला दिलं. चिठ्ठीत लिहिलं होतं, 'फक्त कोपरा'. परत आलं तेव्हा कोपरा झकास आणि वरची पट्टी पांढरीशुभ्र. वर खुलासा असा की बहुतेक गिऱ्हाइकांना तसंच आवडतं. पैसे भरून मी स्वतःच त्या गावाचं नाव पुसून घेतलं.

कागदाची_मावशी

असहमत, आणि जरा वैतागूनच लिहितेय. कागद-दुरुस्तीत माझी बरीच वर्षं गेली आहेत.

तळघर, तुमची तक्रार एका कारागिराबद्दल आहे आणि शिक्षा देताय सगळ्या पद्धतीला. ही पोस्टर्स काही आठवड्यांच्या आयुष्याच्या हिशोबाने स्वस्त लाकडी लगद्याच्या कागदावर छापलेली. त्यात आम्ल असतं, कागद पिवळा पडतो, ठिसूळ होतो. उभी आणि आडवी घडी जिथे एकमेकींना छेदतात तिथे आधी भोक पडतं, मग तिथूनच चीर जाते. त्यात कोणीतरी मागून सेलोटेप लावून ठेवलेली असते. तुम्ही 'जसं आहे तसं' म्हणून दर वेळी उघडझाक करणार आणि दहा वर्षांनी आठ तुकडे हातात घेऊन बसणार.

लिनन-बॅकिंग म्हणजे काय ते तरी बघा. चौकटीवर सुती कॅनव्हास ताणायचा, त्यावर आम्लरहित कागद, त्यावर पोस्टर. आणि चिकटवायला काय? खळ! गव्हाच्या स्टार्चची, आपले बाइंडर वापरायचे तसलीच. ती पाण्याने सुटते. उद्या कोणाला कापड नको असेल तर निघतं. यात पोस्टर खोटं कुठे झालं?

तळघर

मावशी, खळीवर माझा राग नाही. खळीनंतर जो रंगाचा डबा उघडतो त्याच्यावर आहे. आधार देणं वेगळं, नवीन रंगवणं वेगळं. बाजारात दोन्ही एकाच नावाने खपतात.

रात्रपाळी

तुम्ही दोघंही ज्याच्यावरून भांडताय ती मुळात जाहिरात होती, हे कोणी बोलणार आहे का?

हॉलिवूडमध्ये तेव्हा कोणीही 'चला, नुआर काढू' म्हणून सिनेमा काढला नव्हता. गुन्हेपट, मेलोड्रामा अशाच नावांनी ते विकले जायचे. 'फिल्म नुआर' हे नाव १९४६ साली नीनो फ्रांक या समीक्षकाने फ्रान्समध्ये वापरलं आणि इंग्रजीत ते रुळायला पुढे कित्येक वर्षं गेली. म्हणजे आज 'डबल इन्डेम्निटी'च्या (१९४४) पोस्टरला जी जादा किंमत मोजता, त्यातला काही भाग एका फ्रेंच शब्दाचा आहे.

दुसरं, सिनेमा काळा-पांढरा, सावल्यांचा, आणि पोस्टर बघावं तर हळदीसारखं पिवळं, कुंकवासारखं लाल. ज्या अंधारासाठी तुम्ही जीव टाकता तो पोस्टरवर नाहीच! मी चांगलं स्कॅन शोधून डिजिटल प्रिंटवाल्याकडून मोठं छापून घेतलंय. दिवाणखान्यात आहे, ऊन लागलं तरी काळजात धस्स होत नाही. तुमची अस्सल पोस्टर्स उजेडाच्या भीतीने कपाटात झोपलेली. मग सांगा, बघतो कोण जास्त?

मिणमिणता_दिवा

रात्रपाळी, पिवळ्या-लाल रंगाबद्दल बरोबर बोललात, पण निष्कर्ष उलटा काढलात. तो कागद रस्त्यापलीकडच्या माणसाला खेचायला होता. 'गिल्डा'च्या (१९४६) जाहिरातीत ओळ काय, तर 'गिल्डासारखी बाई कधी झालीच नाही'. सिनेमा विकणाऱ्याला त्यात काय दिसत होतं आणि आज आपल्याला काय दिसतं, ही फट मला पोस्टरमध्ये दिसते. सिनेमा कितीही वेळा पाहिला तरी ती कळत नाही.

आणि इटालियन पोस्टर्स बघितलीत का? युद्ध संपल्यावर हे सिनेमे तिकडे पोचले तेव्हा आन्सेल्मो बॅलेस्टर, लुइजी मार्तिनाती यांच्यासारख्यांनी अक्षरशः पेंटिंगं केली. मार्तिनातीच्या 'कॅसाब्लांका'च्या मोठ्या पोस्टरला २०१७ साली अमेरिकेतल्या लिलावात ४,७८,००० डॉलर आले. ('कॅसाब्लांका' नुआर आहे का, यावर कृपया वेगळा धागा काढा.)

कर्जत_लोकल

मध्येच घुसतोय, माफ करा. ऑनलाइन एक 'ओरिजिनल' १९४७ चं वन-शीट घेतलं. गुंडाळी करून नळीतून आलं, एकही घडी नाही, एकदम कोरं. २७ बाय ४०. नशीब फळफळलं का?

तळघर

परत करा. आजच.

४० इंची वन-शीट ऐंशीच्या दशकापासूनचं. १९४७ चं वन-शीट घडी न पडता आलं तर आधी शंका घ्यायची, आनंद नंतर. खालच्या पांढऱ्या कडेला उजवीकडे क्रमांक आहे का बघा: वर्षाचे दोन आकडे, तिरकी रेघ, पुढे सिनेमाचा नंबर. वर्षाआधी 'आर' असेल तर पुन्हा प्रदर्शित केल्यावेळचं, म्हणजे जुनं पण पहिल्या छपाईचं नव्हे. क्रमांक नाही म्हणून लगेच खोटं ठरत नाही, पण तुमच्याकडे तर माप आणि घडी, दोन्हीकडे आधीच गडबड आहे.

आणि बघा मावशी, याच पोस्टरला घडी असती तर कर्जतकरांना प्रश्नच पडला नसता. पुसून टाकायच्या रेषा म्हणतात त्या याच.

कागदाची_मावशी

चला, हा मुद्दा दिला तुम्हाला. बॅकिंग केलेल्यातही नीट पाहिलं तर रेषा कळतात, पण कळू नयेत इतपत रंग भरणारे आहेत हे खरं. मी असते तर नुसता आधार दिला असता आणि भोकांच्या जागी साधा जुळता रंग, लांबून टोचू नये इतकाच. किती भरला ते लिहून द्यायचं.

लोअर_परळ

सगळे अमेरिकेत रमलात, कोणी मुंबईच्या पावसाळ्याचा विचार करतंय का? स्टार्चची खळ म्हणजे कसरीला पंगत. माझ्याकडे लिनन-बॅक केलेलं एक पोस्टर होतं, चार पावसाळ्यांत मागच्या बाजूने कसरीने नक्षी काढली. त्याच कपाटातलं घडीचं पोस्टर शाबूत.

आपल्याकडे 'बाजी' (१९५१), 'सी.आय.डी.' (१९५६) यांची पोस्टर्स खळ फासून थेट भिंतीवरच चिकटवायचे. भिंतीवरची कुठली वाचणार! जी उरली ती गोदामात न वापरता पडून राहिलेली. म्हणजे आपल्याकडे खळीने पोस्टर संपवलं आणि तिकडे खळीनेच वाचवतात, मजाच आहे.

कागदाची_मावशी

कसरीचं शंभर टक्के मान्य. दमट हवेत बॅकिंग करून कपाटात कोंबणं म्हणजे आमंत्रणच. इथे राहणाऱ्याने घडी उलगडून, सपाट, पॉलिएस्टरच्या पाकिटात आणि सपाट खणात ठेवावं. तडकलं असेल तरच कापडाचा विचार करावा, आणि मग खोलीतला दमटपणाही सांभाळावा लागेल.

रात्रपाळी

म्हणजे पोस्टरला वेगळी खोली. माझं प्रिंट भिंतीवर आहे, पुन्हा सांगतो.

मिणमिणता_दिवा

तळघर, त्या विंडो कार्डावरचं थिएटर कुठलं होतं? मला जुन्या थिएटरांची नावं जमवायचा नाद आहे, कदाचित शोधून काढता येईल.

तळघर

दुरुस्तीला देताना फोटो काढला नव्हता. कोपराच तर होता. नाव दोन शब्दांचं होतं, दुसरा शब्द 'थिएटर', आणि खाली 'बुध-गुरु'. पहिला शब्द आठवत नाही.